मानसशास्त्राची पदवी: विज्ञान किती, पाठांतर किती?

प्रश्न डोंबिवलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, मार्क चांगले आहेत, आणि तिला मुंबईत बीए सायकॉलॉजी करायचंय. "सायन्स करून परत आर्ट्सला कशाला?" म्हणून आजोबा रुसले आहेत. वडील स्वतः एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत. ते विचारतात: या पदवीत खरंच विज्ञान असतं, की चार थिअऱ्या पाठ करायच्या आणि लोकांना सल्ले देत सुटायचं?

मी मुंबईतल्या कॉलेजांत हा विषय बरीच वर्षं शिकवला, प्रॅक्टिकलच्या परीक्षांना एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून हिंडले, आणि आता माझं बहुतेक काम शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याचं आहे. माझं मत असं: अभ्यासक्रमात विज्ञान आहे, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. ते मुलीपर्यंत पोचतं की नाही, हे मात्र प्रॅक्टिकलच्या तासाला ठरतं. वर्गातल्या लेक्चरला नाही आणि परीक्षेच्या पेपरातही नाही.

आधी ते बीएचं भूत उतरवू. ऑक्सफर्डला एक्स्पेरिमेंटल सायकॉलॉजी शिकलात तरी पदवी बीएच मिळते. केंब्रिजला तर फिजिक्स शिकणाऱ्या मुलाची पहिली पदवीसुद्धा बीए असते. आपल्याकडे हा विषय आर्ट्समध्ये बसला, कारण तो तत्त्वज्ञानाच्या घरातून बाहेर पडला. पण १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला विभाग निघाला, तो प्रायोगिक मानसशास्त्राचा होता. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला शिकून आले होते. म्हणजे आपल्या देशात या विषयाची सुरुवातच प्रयोगशाळेतून झाली. आजोबांना एवढं सांगून बघा, पटतंय का.

आता प्रॅक्टिकल. मुंबई विद्यापीठाच्या टीवायबीएला, म्हणजे बीएच्या तिसऱ्या वर्षाला, त्याचा वेगळा पेपर वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यात नेमकं काय करतात ते एकाच प्रयोगावरून सांगते. म्युलर-लायरचा भ्रम तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. सारख्या लांबीच्या दोन रेषा. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. बाहेर फाकलेली रेषा लांब दिसते. हे १८८९ पासून माहीत आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये याची लाकडाची नाहीतर पुठ्ठ्याची सरकपट्टी असते. एक रेषा कायम, दुसरी सरकवून कमीजास्त करता येते, आणि मागच्या अंगाला मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली. सब्जेक्टने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याने, समोरून बघत पट्टी सरकवायची आणि दोन्ही रेषा सारख्या वाटल्या की थांबायचं. मागे जो फरक वाचता येतो ती त्याची चूक.

खरी मजा पुढे आहे. निम्म्या वेळा रेषा आधी अगदी लहान ठेवून वाढवत आणायची, निम्म्या वेळा मोठी ठेवून कमी करत आणायची. कारण एकदा सुरू केलेली हालचाल माणूस तशीच पुढे रेटतो, नाहीतर घाईने मधेच थांबवतो. निम्म्या वेळा सरकती रेषा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे. कारण एका बाजूची गोष्ट मुळातच लांब दिसणारी माणसं असतात. क्रम असा लावायचा की थकवा आणि सराव दोन्हीकडे सारखे वाटले जातील. सूचना कागदावरच्या शब्दांतच वाचायच्या, मनाने एक शब्द घालायचा नाही. सब्जेक्टला भ्रमाचं नावही सांगायचं नाही. ज्या गोष्टीला हात लावता येत नाही, जी फक्त समोरच्या माणसाच्या अनुभवात आहे, ती मिलिमीटरमध्ये आणायची आणि आणताना आपली लुडबूड आधीच ओळखून बाजूला काढायची. शास्त्र म्हणतात ते याला.

याच भ्रमावर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाच्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीतल्या तोडा लोकांवर प्रयोग केले. त्यांना हा भ्रम इंग्रजांपेक्षा कमी होतो, असं त्याला दिसलं. मग कोणी म्हणालं की चौकोनी घरांत, सरळ कोपऱ्यांत राहणाऱ्यांना तो जास्त होत असणार. त्यावर साठच्या दशकात अनेक देशांत मोजमापं झाली. आणि भ्रमाचं मूळ संस्कृतीत नाही, असं म्हणणारे आज पुन्हा जोरात आहेत. शंभर वर्षांहून जुना वाद आणि अजून मिटलेला नाही. वर्गात हे सांगितलं की मुलांचा चेहरा पडतो, त्यांना "मॅडम, मग उत्तर काय लिहायचं?" हे हवं असतं.

आता तुमच्या धंद्याच्या भाषेत बोलते. कारखान्यात नवा गेज, म्हणजे मोजायचं साधन, आला की तुम्ही आधी काय बघता? तोच पार्ट त्याच माणसाने दोनदा मोजला तर आकडा तोच येतो का, दोन इन्स्पेक्टरांचा आकडा जुळतो का, आणि जे मोजायचंय तेच हा गेज मोजतोय ना. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टींना विश्वसनीयता म्हणतात आणि तिसरीला सप्रमाणता. टीवायच्या चाचण्या आणि संख्याशास्त्राच्या पेपरात अर्धं वर्ष हेच चालतं. आणि या कसोटीवर आमची हत्यारं नेहमी पास होतात असं नाही. अमेरिकन मनोविकारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्याआधी दोन डॉक्टरांनी त्याच पेशंटला वेगवेगळं तपासून निदान जुळतं का, याच्या चाचण्या झाल्या. तिथे १ म्हणजे पूर्ण जुळणं आणि ० म्हणजे निव्वळ योगायोग. आघातानंतरच्या ताणविकाराला ०.६७ आला, बरा म्हणायचा. नैराश्याला आला ०.२८. नैराश्य, ज्याबद्दल जो तो बोलतो! तुमच्याकडे असा गेज आला तर तुम्ही तो परत पाठवाल. आमच्याकडे परत पाठवायला दुसरा नाही, म्हणून एकच चाचणी किंवा एकच मुलाखत घेऊन निदान करायचं नाही हे शिकवलं जातं. किमान शिकवलं जायला तरी हवं.

इथपर्यंत सगळं छान वाटलं असेल. आता प्रॅक्टिकलचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही.

प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाने सब्जेक्ट आणायचा, प्रयोग करायचा, आकडे लिहायचे, जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं. एक्स्टर्नल म्हणून टेबलावर चाळीस जर्नलांची चळत येते. चाळीसच्या चाळीस जर्नलांत शेवटचं वाक्य एकच: गृहीतक सिद्ध झाले. म्युलर-लायरसारखा दणकट भ्रम असेल तर एक वेळ समजू शकते. पण एखादा परिणाम खरा असूनही मध्यम ताकदीचा असेल, आणि दोन्ही गटांत वीस-वीस माणसं घेऊन शोधायला गेलात, तर निम्म्याहून जास्त वेळा तो हाताला लागतच नाही. हे गणित संख्याशास्त्राच्या पेपरात त्याच मुलांना शिकवलेलं असतं. म्हणजे अशा प्रयोगाच्या चाळीस जर्नलांत निम्मी तरी "सिद्ध झाले नाही" अशी हवीत. नसतात.

प्रयोग संपला की सब्जेक्टला काय वाटलं ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं असतं, त्याला अंतर्निरीक्षण अहवाल म्हणतात. तो वाचला की सगळं कळतं. "प्रयोग आवडला. सुरुवातीला अवघड वाटले, नंतर सोपे गेले." कुर्ल्याच्या सब्जेक्टचं हेच, बोरिवलीच्या सब्जेक्टचंही हेच. एकदा आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्याच्या प्रयोगावर मी एका मुलीला विचारलं, तुझी सब्जेक्ट कोण होती? म्हणाली, मावशी. सातव्या वेळी मावशीला एकदम इतका वेळ का लागला? "दमली असेल, मॅडम." तिला विचारलंस? मुलगी जर्नलकडे बघत राहिली. मावशी होती की नव्हती, देव जाणे.

मी फक्त मुलांना दोष देणार नाही. रिझल्ट उलटा आला की मार्क जातात, हे त्यांना वरच्या वर्गातल्यांनी सांगितलेलं असतं, आणि काही ठिकाणी ते खरंही असतं. ज्या तासाला मूल विज्ञान शिकणार, त्याच तासाला ते आकडे जुळवायला शिकतं.

उलटं उदाहरणही सांगते. स्ट्रूपचा प्रयोग तुमच्या मुलीने इंटरनेटवर पाहिला असेल: 'रेड' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचं. शब्द आडवा येतो, जीभ अडखळते, वेळ वाढतो. १९३५ पासून जगभर असंख्य वेळा करून झालेला प्रयोग, सहसा फसत नाही. परळच्या एका मुलाचा फसला. त्याच्या आजीला जवळजवळ काहीच फरक पडला नाही. त्याने आकडे बदलले नाहीत, डोकं खाजवलं. आजी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी अक्षरं ओळखते पण जुळवून वाचते. शब्द आपोआप वाचला जातच नाही तर तो आडवा कसा येणार? मग त्याने घरी बसून देवनागरीत कार्डं केली, हिरव्यात 'लाल', निळ्यात 'पिवळा'. आजी लगेच अडखळायला लागली, आणि वर चिडली. पोराने दोन्ही तक्ते जर्नलला लावले आणि पहिल्याखाली सरळ लिहिलं की अपेक्षित परिणाम मिळाला नाही. माझ्या लेखी त्याची पदवी त्या दिवशी पुरी झाली. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. फक्त त्याच्या मॅडमनी आलेला आकडा खोडायला सांगितलं नव्हतं.

हा रोग मुंबईच्या लॅबपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. २०१५ मध्ये दोनशे सत्तर संशोधकांनी मिळून नामांकित नियतकालिकांतले मानसशास्त्राचे शंभर अभ्यास जसेच्या तसे पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सापडल्याचं म्हटलं होतं. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत सापडला. त्यांची ९७ टक्के जर्नलं 'सिद्ध झाले' होती, आमची शंभर टक्के असतात, फरक इतकाच. तिथेही कारण मुख्यतः तेच होतं. जमलेलं छापायचं, न जमलेलं ड्रॉवरमध्ये टाकायचं, आणि जमेपर्यंत आकडे वेगवेगळ्या पद्धतीने चाळत राहायचं. सरळ खोटे आकडे रचणारेही निघाले. नेदरलँड्समधला मानसशास्त्रज्ञ डीडेरिक स्टापेल २०११ मध्ये पकडला गेला तो त्यातलाच.

तुमच्या घरातले आजोबा इथे "बघा, मी म्हणत होतो" म्हणतील. थांबा. २०१२ मध्ये अॅमजेन या औषध कंपनीच्या लोकांनी कॅन्सरवरचे ५३ महत्त्वाचे अभ्यास तपासले होते, त्यातल्या सहांचेच निष्कर्ष पुन्हा मिळाले. तिथे तर पेशी आणि उंदीर होते, मनाचा संबंध नव्हता. मानसशास्त्रज्ञांनी आपलंच घर स्वतः झडती घालून तपासलं आणि निकाल चव्हाट्यावर मांडला. त्यानंतर प्रयोग करण्याआधीच गृहीतक आणि पद्धत नोंदवून ठेवण्याची, आकडे सगळ्यांसाठी खुले करण्याची पद्धत वाढली. ज्या विषयात हे होतं त्याला मी विज्ञान म्हणते. ज्योतिषांनी शंभर पत्रिका पुन्हा तपासून ३६च जुळल्या असं छापल्याचं मला तरी आठवत नाही.

अडचण ही की पदवीच्या पुस्तकांपर्यंत ही झडती फार सावकाश पोचते. स्टॅनफर्डचा १९७१चा तुरुंगाचा प्रयोग अजून वर्गात गोष्टीसारखा सांगतात: साध्या मुलांना पहारेकरी केलं आणि ती क्रूर झाली. पहारेकऱ्यांना कडक वागा म्हणून आधी सांगण्यात आलं होतं, हे त्या प्रयोगाच्या जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रांतून बाहेर आलं. ते गाइडमध्ये नसतं. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीजचा खून अडतीस माणसांनी नुसता बघितला, हेही पाठ करतात. ती बातमीच फुगवलेली होती. मनाचा निग्रह बॅटरीसारखा संपतो हा सिद्धांत कीर्तनकारांपासून मॅनेजमेंटच्या ट्रेनरपर्यंत सगळ्यांनी वापरला; २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी एकत्र तपासला तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. फ्रॉइड, युंग, आडलर या जुन्या मनोविश्लेषणवाल्यांना व्यक्तिमत्त्वाच्या पेपरात भरपूर मार्क असतात. तो भाग इतिहास म्हणून वाचावा, चांगला आहे. पण काहीही घडलं तरी सिद्धांत बरोबरच ठरत असेल तर त्याची परीक्षा कशी घ्यायची, हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप त्यासोबत शिकवणारे शिक्षक मला कमी भेटले.

आणि जे टिकलं ते भक्कम टिकलंय. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला: अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात किती उडतं ते मोजायचं. २०१५ मध्ये डच संशोधकांनी तो पुन्हा केला, आलेख तसाच आला. त्याचा व्यवहारी अर्थ असा की थोडं थोडं, अंतर ठेवून आणि स्वतःला प्रश्न विचारून केलेला अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकतो. हेच शिकून मुलं हाच पेपर आदल्या रात्री घोकून देतात, तो भाग वेगळा. संवेदना, स्मृती, अवधान, शिकणं, यांवरचे पेपर ठणठणीत आहेत. उपचारांतही वर्तन-उपचार आणि बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारा, सीबीटी) यांच्यामागे औषधांसारख्या चाचण्या आहेत. शेजारच्या गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यातलं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या भेटींत मदत केली. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून ती तपासली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आपल्या मातीतलं इतकं चांगलं काम पदवीच्या वर्गात क्वचित पोचतं, याचं मला वाईट वाटतं.

तिसऱ्या वर्षी किंवा पुढे एमएला प्रोजेक्ट येतो. तिथे आजकाल गुगल फॉर्मचं राज्य आहे. "सोशल मीडियाचा वापर आणि आत्मसन्मान यांचा सहसंबंध", साठ उत्तरं, सगळी कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. प्रश्नावली अमेरिकेत तयार झालेली, इंग्रजीत. भरणारी मुलगी दादर ते अंधेरी उभी, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात कडी. मग एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधून आकडा काढायचा आणि लिहायचं, 'भारतीय युवकांमध्ये असे आढळते'. परदेशातही हा घोळ आहेच. मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, पैसेवाल्या देशांतल्या कॉलेजच्या मुलांवर काढलेत, हे २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठणकावून मांडलं. तुमची मुलगी डोंबिवलीतून रोज मुंबईला येणार. एका लोकलच्या डब्यात सगळ्या थरांतली, चार भाषांतली माणसं. तिने त्यातली तीसच माणसं समोर बसवून मराठीतून विचारली तरी तो प्रोजेक्ट साठ फॉर्मांपेक्षा सरस होईल.

माझ्या रोजच्या कामातलं एक सांगते, कारण शास्त्र कच्चं राहिलं तर काय होतं ते तिथे दिसतं. बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी आपल्याकडे अनेक ठिकाणी वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली; त्या काळात फार मोठं काम होतं ते, आणि आपल्याच भाषेत. पण बुद्धिगुणांक म्हणजे मुलाची त्याच्या वयाच्या बाकी मुलांशी केलेली तुलना, आणि ती बाकी मुलं कोणत्या काळातली हे महत्त्वाचं. अनेक देशांत असं दिसलंय की चाचण्यांवरचे गुण दर दहा वर्षांत साधारण तीन अंकांनी चढत गेले. जुन्या पिढीच्या मानकांशी आजच्या मुलाची तुलना केली की त्याचा आकडा फुगतो. बुद्धिगुणांक सत्तरच्या सीमेवर असलेलं मूल कागदावर वर जातं आणि त्याला मिळायची सवलत, मदत हुकते. ज्याने पदवीला मानकं म्हणजे काय हे फक्त व्याख्या म्हणून पाठ केलं, तो आकडा लिहून सही करतो. ज्याला ते कळलं तो आधी तारीख बघतो, मग मूल कोणत्या भाषेत विचार करतं ते बघतो, मग दुसरी चाचणी लावतो. रिपोर्ट दोघांचाही सारखाच टाइप केलेला असतो, पालकांना फरक कळत नाही.

शाळांच्या हॉलमध्ये बोटांचे ठसे घेऊन 'मुलाचा कल' सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी तुम्हाला कोणीतरी विकायला येईल, किंवा येऊन गेली असेल. काही हजार रुपये आणि रंगीत पुस्तक. त्याला काहीही वैज्ञानिक आधार नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही तसं जाहीर केलंय. वाईट हे की ती विकणाऱ्यांत सायकॉलॉजीचे पदवीधरही असतात. बीकेसीतल्या ऑफिसांत एमबीटीआय नावाची चाचणी घेऊन चार अक्षरांचे व्यक्तिमत्त्व-प्रकार वाटतात, तेही त्याच माळेतले. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात. आणि आमच्या विद्यापीठाच्या शेजारीच, कलिनाला, राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तिथे खोटं पकडायच्या चाचण्या होतात. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पॉलिग्राफ, नार्को, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. न्यायालयाने मुख्यतः घटनेच्या बाजूने पाहिलं. पण पॉलिग्राफ ज्यावरून खोटं ओळखतो तो घाम आणि ती नाडी भीतीनेही वाढते, खोटं बोलल्यानेही वाढते, मग यंत्र मोजतंय काय, हा प्रश्न मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पडायला हवा. तुमच्या मुलीच्या कॉलेजातल्या एखाद्या टीवायच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारून बघा. त्या विभागात विज्ञान शिकवतात की नाही, ते उत्तरावरून कळेल.

कॉलेज निवडताना म्हणाल तर नावाला भुलू नका. लॅब उघडी असते का, की परीक्षेच्या आधी कुलूप निघतं? शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः संशोधन करतं का? जुनी जर्नलं बघायला मिळाली तर 'सिद्ध झाले नाही' असं एखादं सापडतं का, ते चाळा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांची, भानगड आहे, तेव्हा फॉर्म भरताना सायकॉलॉजी मेजर आहे ना, हे नीट बघून घ्या. संशोधनासह चौथं वर्ष मिळत असेल तर ते घ्यावं असं माझं मत. घरबसल्या पदवीचा विचार असेल तर तो सोडा. २०२५च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीला दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत.

आणि नुसत्या बीएवर ती मानसोपचार करू शकणार नाही, हे आत्ताच घरात सगळ्यांना माहीत असू दे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. आतापर्यंत रस्ता होता एमए आणि मग आरसीआयमान्य संस्थेत रुग्णालयातल्या कामासह दोन वर्षांचं एमफिल, ज्याच्या जागा अगदी मोजक्या. एमफिल आता मोडीत निघतंय आणि त्याजागी नवे अभ्यासक्रम येतायत, म्हणून मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावरच बघायची, क्लासवाल्यांच्या पत्रकावर नाही. औषधं लिहून द्यायची असतील तर एमबीबीएस आणि त्यापुढे मनोविकारशास्त्र. तो रस्ता पूर्ण वेगळा.

बारावीला तिचं मॅथ्स होतं की नुसतं बायो, हे तुम्ही लिहिलं नाही. आर्ट्समधून येणारी बरीच मुलं गणितापासून पळून इथे येतात आणि टीवायला संख्याशास्त्र बघून हबकतात. सायन्सच्या मुलीला तो त्रास कमी, प्रयोगवही लिहायची सवयही असते, म्हणजे आजोबांनी तिचं सायन्स वाया गेलं असं मानायचं कारण नाही. प्रवेशाला अजून वेळ असेल तर जेएएसपी नावाचं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर फुकट घेता येतं, सोबत सरावासाठी खऱ्या अभ्यासांचे आकडेही येतात. एखाद्या संध्याकाळी दोघं मिळून बसा. कंट्रोल चार्ट तुम्हाला येतातच, प्रमाण विचलन तिला तुम्हीच जास्त चांगलं समजावून सांगाल.